वेणूअक्कांचे खांदे

"दिवसभर बसूनच तर असते, तिला काय दुखणार?"

हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल, त्याची गणतीच नाही. सासू सुनेबद्दल बोलायची, भाऊ भावाबद्दल. एकदा तर माझ्याच नात्यातल्या लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी हे मला विचारलं. व्हीलचेअरवरच्या माणसांचे खांदे, मान आणि मनगटं हाच माझा मुख्य कामधंदा आहे, असं मी त्यांना सांगत होते. ते म्हणाले, "पाय गेले हे समजलं. पण खांद्याचं काय?" मी जिलेबी संपवली आणि म्हटलं, "जेवण झालं की हातांवर चालत हात धुवायला जाऊन या, मग सांगते." पुढे त्यांनी विषय काढला नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. धुळ्यात देवपूरला माझा दोन टेबलांचा दवाखाना होता, आणि आठवड्यातून एक दिवस मी जळगावला जात असे. लोकांच्या भाषेत मी "शेक देणारी बाई". दोन वर्षांपूर्वी दवाखाना बंद केला. आयुष्यभर दुसऱ्यांचे सांधे दाबून माझेच दोन्ही अंगठे झिजले. आता चहाच्या बरणीचं झाकण उघडायलाही कुणालातरी हाक मारावी लागते. हा अंक काढणाऱ्या मंडळींनी कामाच्या आठवणी लिहा म्हटलं, तेव्हा हा मजकूर सांगून लिहून घेते आहे.

त्या गृहस्थांना द्यायचं राहिलेलं उत्तर आधी देते. आपल्या खुब्याचा सांधा खोल वाटीत बसवलेल्या गोळ्यासारखा असतो. अंगाचं ओझं तोलण्यासाठीच तो घडवलेला आहे. खांद्याची वाटी मात्र बशीइतकी उथळ. तिच्यावरचा गोळा चार लहान स्नायूंनी आवळून धरलेला असतो. हात सगळीकडे पोचावा म्हणून ही सोय, पण ओझ्याला तो सांधा कच्चा. पाय गेले की तोच खांदा पायांचं काम करू लागतो. चाकं ढकलायची, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून संडासात अंग उचलून न्यायचं. बसून बसून जखमा होऊ नयेत म्हणून अर्ध्या अर्ध्या तासानं हातांवर जोर देऊन बूड उचलायचं. छातीचे स्नायू आखडतात, पाठीचे ढिले पडतात, खांदे पुढे येतात. पाच-सात वर्षांत माणूस रात्री कुशीवर वळेनासा होतो. आणि घरचे म्हणतात, बसूनच तर असते.

वेणूअक्का माझ्याकडे आल्या त्या अशा अवस्थेच्या खूप आधी. तेव्हा त्यांचे खांदे मजबूत होते, आणि ते बिघडायला माझाही हात लागला. म्हणून त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

अक्का चोपड्याकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याजवळच्या गावच्या. उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, कुरडया वाळत घालताना कडेचा मातीचा भाग ढासळला आणि त्या अंगणात पाठीवर आपटल्या. कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हा त्या पन्नाशीला टेकलेल्या होत्या, नवरा आधीच वारलेला. मुलगा देवपूरला एका शाळेत शिपाई होता, त्यानं आईला इकडे आणलं. सून सुनंदा त्यांना पहिल्यांदा दवाखान्यात घेऊन आली तेव्हा अक्का कुठल्याशा शिबिरात मिळालेल्या खुर्चीत बसलेल्या होत्या. खुर्ची इतकी रुंद की त्यांच्या शेजारी एखादं मूल मावलं असतं. चाकं धरायला त्यांना कोपरं पंखांसारखी बाहेर काढावी लागत.

मी तेव्हा चाळिशीत होते आणि मला एका शब्दाचं वेड होतं, स्वावलंबन. माझा पेशंट कुणाच्या हातानं ढकलला जाता कामा नये. सुनंदा खुर्चीचे दांडे धरायला गेली की मी तिचा हात बाजूला करायची. "सवय लावू नकोस. त्यांना जमतं." आणि अक्कांना जमायचं. दंड असे भरलेले की पहिल्याच दिवशी मी ते चाचपून विचारलं, "अक्का, शेतात काय काम करत होतात?"

त्या म्हणाल्या, "मांडा करू मी."

मी "वा" म्हटलं आणि केसपेपरवर लिहिलं, दोन्ही हातांत ताकद उत्तम. पुढे काही विचारलं नाही.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मांडे म्हणजे आमची खापरावरची पुरणपोळी. चुलीवर मातीचं खापर पालथं घालतात. पुरण भरलेला सैल कणकेचा गोळा लाटत नाहीत. तो दोन्ही हातांवर झेलत, तळव्यापासून कोपरापर्यंत खेळवत, पातळ आणि मोठा करत नेतात आणि फाटायच्या आत खापरावर टाकतात. हे सगळं हात हवेत धरून. लग्नाकार्यात पन्नास-साठ मांडे करणारी बाई म्हणजे गावातली मानाची बाई. अक्का तशा होत्या. आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणं यायचं. हे मला फार उशिरा कळलं.

दोन वर्षं मी त्यांच्याकडून मेहनत करून घेतली. त्यांचं घर ते माझा दवाखाना, मध्ये दोन गल्ल्या. त्या स्वतः चाकं ढकलत येऊ लागल्या. मग मी त्यांना पांझरा नदीवरच्या पुलापर्यंत नेऊ लागले. पुलाचा चढ त्या एकट्यानं चढल्या त्या दिवशी मला परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. शिकाऊ मुलं यायची तेव्हा मी मुद्दाम अक्कांना दाखवायची. "बघा, या एकट्या पूल चढतात." अक्का नुसत्या हसायच्या. घामानं त्यांच्या पदराचा काठ ओला झालेला असायचा. त्या वेळी आम्हांला शिकवलेलंच तसं होतं, हे खरं. पण आज तेवढं म्हणून समाधान होत नाही.

तिसऱ्या वर्षी त्या येईनाशा झाल्या. आधी पाहुणे, मग ताप, मग काहीतरी. शेवटी सुनंदा एकटी आली आणि दारातच उभं राहून म्हणाली, "ताई, आत्यांची वेणी आता मी घालते."

"का?"

"उजवा हात डोक्यापर्यंत जात नाही. तुम्हांला सांगू नको म्हणाल्या होत्या. म्हणे, ताईंना वाईट वाटेल."

मी तशीच तिच्याबरोबर गेले. अक्का खिडकीशी बसलेल्या होत्या. हात बाजूनं वर करायला सांगितला, तो खांद्याच्या रेषेपर्यंतही गेला नाही. चेहरा आखडला, पण तोंडातून हूं की चूं नाही. सोनोग्राफी केली. उजव्या खांद्यातली एका स्नायूची दोरी निम्म्याहून जास्त फाटली होती. डावा त्याच वाटेवर होता. हाडांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, सहा आठवडे खांद्याला विश्रांती.

तो कागद हातात घेऊन मी अक्कांच्या पलंगावर बसले. पाय मोडलेल्या माणसाला आपण खुर्ची देतो. ज्याचे पाय आधीच नाहीत, त्यानं खांद्याला विश्रांती द्यायची म्हणजे संडासलाही जायचं नाही. मी नेहमीच्या आवाजात सुरू केलं, की अक्का, घाबरू नका, आपण हलके व्यायाम करू, दोन-तीन महिन्यांत तुम्ही पुन्हा पुलावर…

"पूलवर मनं काय काम शे?" अक्का म्हणाल्या.

मी हातातला कागद खाली ठेवला.

"ताई, दोन वरीस मी पूलवर गऊ. तुमले बरं वाटे म्हनीसन गऊ. तठे मनं कोनीच नही." त्यांनी डाव्या हातानं उजवा खांदा धरला. "खांदा मना शे. याना कायकरता उपयोग करना, हाई तुम्ही माले कधी इचारंच नही."

सुनंदा चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

"मग आता विचारते," मी म्हटलं.

"माले मांडा करना शे. आखाजीले लता येस." लता त्यांची मुलगी, सुरतेकडे दिलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि घरोघरी आमरसाबरोबर मांडे होतात. अक्का पडल्या त्यानंतरच्या दोन्ही आखाजींना लतानं विकतचे मांडे खाल्ले होते. "ती काही बोलस नही. पन अर्धा मांडा ताटमा ठी दिना तिनी." मग त्या म्हणाल्या, "खांदामा जितला जोर बाकी शे, तो माले मांडासकरता ठेवना शे. मंग खुर्ची कोनी बी ढकलो."

त्या दिवशी मी घरी जाऊन काहीच केलं नाही. ओट्याशी उभी राहिले होते एवढं आठवतं. बावीस वर्षं मी लोकांचे हात किती अंशांत वर जातात ते मोजत होते. ते वर करून त्यांना काय घ्यायचं आहे, हे एकालाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेले. अक्का दिवसभरात कुठे कुठे खांदे वापरतात ते मी आणि सुनंदानं बसून लिहिलं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासच्या स्टुलावर, परत खुर्चीत, बूड उचलणं, चाकं ढकलणं, खुंटीवरचा टॉवेल काढणं, मडक्यातलं पाणी घेणं. मग एकेक खोडत गेलो. सुताराकडून पलंगाचे पाय कापून घेतले आणि पलंग खुर्चीच्या उंचीला आणला. मध्ये ठेवायला गुळगुळीत फळी करून घेतली, तिच्यावरून अंग उचलायच्या ऐवजी सरकत जायचं. हातांवर उठण्याऐवजी पुढे वाकून, एकेका बाजूला कलून भार बदलायला शिकवलं. खुंट्या खाली आल्या, मडकं खाली आलं. शिबिरातली खुर्ची जाऊन अंगाला बेताची, हलकी खुर्ची आली. तिची चाकं जरा पुढे घेतली, म्हणजे हात मागे ताणायला नको. आणि दांडे सुनंदाच्या हातात दिले. जे मी दोन वर्षं तिच्या हातातून काढून घेत होते तेच.

खांदा शांत व्हायला हिवाळा गेला. सहा आठवडे कुठले, पाच महिने. रोज थोडं थोडं, पाठीचे स्नायू जागे करायचे, छातीचे सैल करायचे. अक्का एक दिवस चुकल्या नाहीत. पूर्वी त्या माझ्यासाठी व्यायाम करायच्या, आता स्वतःसाठी करत होत्या. तो फरक हाताखाली कळत होता.

चुलीचा प्रश्न उरला. मांडे करणारी बाई जमिनीवर बसते. अक्कांना जमिनीवर उतरवणं आणि परत उचलणं म्हणजे सगळी कमाई एका फटक्यात घालवणं. सुनंदाच्या नवऱ्यानं मागच्या अंगणात विटा रचून गुडघ्याच्या उंचीची चूल केली. मला वेगळीच भीती होती. अक्कांना कमरेखाली संवेदना नव्हती. निखारा पडला तरी कळलं नसतं. मी मांडीवर आधी ओलं गोणपाट आणि त्यावर पाट ठेवायला लावला, आणि सुनंदाला बजावलं की दर थोड्या वेळानं खाली हात घालून बघायचं.

आखाजीच्या दिवशी सकाळी मी गेले. लता आदल्या दिवशीच आली होती. ती आंब्यांचा रस काढत बसली होती. अक्कांनी गोळा हातावर घेतला. मी त्यांच्या खांद्याकडे बघत होते, बाकीच्या सगळ्या जणी हाताकडे.

पहिला मांडा फाटला. दुसरा फाटला. तिसरा खापरावर पडला तो चंद्रकोरीसारखा. लता म्हणाली, "राहू दे ना आई." अक्कांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. पाचवा मांडा त्यांनी कोपरापर्यंत जाऊ दिला नाही, मनगटाच्या जरा पुढे खेळवला, कोपरं अंगाशी ठेवली आणि हलकेच टाकला. पूर्वीच्या त्यांच्या मांड्याच्या निम्मा असेल. पण अखंड होता. जाळी धरली, वास सुटला. सातव्यानंतर मी "पुरे" म्हटलं आणि त्या लगेच थांबल्या, याचं मला नवल वाटलं. पहिला चांगला मांडा लताच्या ताटात गेला. ती खाली मान घालून जेवत होती. एक घास खाल्ल्यावर ती उठून अंगणात गेली आणि बराच वेळ आली नाही. अक्का चुलीकडे बघत बसून राहिल्या.

अक्कांनी जे शिकवलं ते मला लगेच दुसरीकडे उपयोगी पडलं. जळगावला एक कापडाचे व्यापारी माझ्याकडे येत, आपण त्यांना शेठजी म्हणू. मूळचं राजस्थानी घराणं, तीन पिढ्या इथेच. लहानपणी पोलिओ झालेला, चाळीस वर्षं कुबड्या वापरल्या, मग खुर्ची. दोन्ही खांदे झिजलेले. दोन्ही मुलांनी त्यांच्यासाठी काचेचं काउंटर केलं होतं, तरी शेठजी रोज सकाळी खुर्चीतून खाली गादीवर उतरत आणि दुपारी हातांवर अंग उचलून वर चढत. जमिनीवरून खुर्चीत चढणं हे खांद्याला सगळ्यांत जड. पूर्वीची मी असते तर म्हटलं असतं, गादी बंद. आता विचारलं, "शेठजी, गादीवर काय आहे?"

ते म्हणाले, "बाईसाहेब, खुर्चीवर बसलो की गिऱ्हाईक माझ्या मुलांशी बोलतं. गादीवर बसलो की माझ्याशी बोलतं. खुर्चीत मी माझ्याच दुकानात पाहुणा वाटतो."

आम्ही गादीच वर घेतली. खुर्चीच्या उंचीचा लाकडी चौथरा केला, त्यावर गादी, तक्के, पांढरी चादर, सगळं तसंच. शेठजी फळीवरून सरकत गादीवर जाऊ लागले. गिऱ्हाइकं चौथऱ्याच्या कडेला टेकायची. मुलं कुरकुरली, की दुकान जुनाट दिसतं. शेठजी म्हणाले, "मी जुनाच आहे." खांदे पूर्ण बरे झाले नाहीत, पण दुखणं तिथेच थांबलं. थांबवणं हेसुद्धा आमच्या धंद्यात मोठं यश असतं, फक्त ते कुणाला दाखवता येत नाही.

अक्कांचं थांबवता आलं नाही. उजवा सांभाळताना डाव्यावर जास्त भार गेला. मी जे दोन वर्षांत खर्ची घातलं होतं ते परत कुठून येणार? त्यांच्या वाट्याला आणखी सहा आखाज्या आल्या. पहिल्या तीन त्यांनी स्वतः केल्या, दरवर्षी एक-दोन मांडे कमी. चौथ्या वर्षी सुनंदा मांडा खेळवायची आणि शेवटी फक्त खापरावर टाकायला अक्कांच्या हातावर द्यायची. मग तेही गेलं. मला अजून वाटतं, ते पुलावरचे चढ मी घेतले नसते तर आणखी चार-पाच आखाज्या मिळाल्या असत्या. एकदा अक्कांना तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "गया ते गया. पूलवर वारा मस्त लागे." मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या की खरंच, ते कळलं नाही.

अक्का एका श्रावणात छातीच्या आजारानं गेल्या. त्यांच्यामागे किती पेशंट आले आणि गेले. पण आंबे बाजारात आले की मी अजून देवपूरच्या त्या दोन गल्ल्या मनात चालून जाते. सुनंदा दर आखाजीला मांडे पाठवते. फार सुंदर करते ती. डबा उघडला की मी आधी नुसती बघत बसते. मला अक्का हव्या असतात, खिडकीशी बसलेल्या, माझं काय चुकलं ते सांगणाऱ्या.

त्या गेल्या त्याआधीच्या आखाजीची गोष्ट सांगते. त्यांचे दोन्ही हात तेव्हा मांडीवरच असायचे. सुनंदा चुलीशी होती. मी नेहमीप्रमाणे खांदे तपासायला वाकले, तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आते. आठे बस."

मी समोर बसले.

"हात पुढे कर. दोन्ही."

आमच्या एवढ्या वर्षांच्या ओळखीत त्यांनी मला पहिल्यांदाच तू म्हटलं होतं. मी हात पुढे केले. त्यांनी सुनंदाला खूण केली आणि तिनं पुरण भरलेला गोळा माझ्या तळव्यांवर ठेवला. गार, जड, ओला. अक्का शब्दांनी सांगत गेल्या. उजव्यावरून डाव्यावर. बोटं मिटू नको. आता पुढे जाऊ दे, मनगटाच्या पुढे. माझे अंगठे तेव्हाच दुखायला लागले होते. गोळा पसरला, एका बाजूला लोंबला आणि मधोमध भसकन फाटला. पुरण माझ्या मांडीवर पडलं. सुनंदा हसली. मी "नाही जमत, अक्का" म्हटलं.

"फाटना तं फाटना," त्या म्हणाल्या. "दुसरा ले."

सुनंदानं दुसरा गोळा ठेवला. अक्का खुर्चीतून पुढे कलल्या. त्यांची नजर माझ्या हातांवर अशी होती की मला माझे हात ओळखू येईनात.

"आते तुना हात मना शेतस," त्या म्हणाल्या.

मांडा हळूहळू पसरत कोपरापर्यंत आला. माझ्या खांद्यात कळ उठली होती. खापर तापलं होतं, टाकायला हवा होता. पण अक्का काही बोलत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या, आणि त्या सांगेपर्यंत मी हात खाली घेतले नाहीत.